चावडीच्या पाच चाव्या

गणराज वाकळेला कुणी पुढारी म्हटलं की त्याच्या कपाळाला आठी पडायची. आणि लोक इतके बेरकी, की आठी दिसली की मुद्दाम म्हणायचे, "या पुढारी, बसा पुढारी, चहा घ्या पुढारी." माणूस मूळचा जिंतूरकडचा. आयटीआय करून चाकणला आला, बारा वर्षं सीएनसी मशिनचे प्रोग्रॅम लिहिले, म्हाळुंग्यात भाड्याच्या एका खोलीत राहिला, आणि एवढ्या वर्षांत त्यानं मनापासून द्वेष केला तो फक्त खुर्चीचा. त्याला कारण होतं. पहिल्या कंपनीत संपाच्या वेळी युनियनच्या पुढाऱ्यानं आत जाऊन चहा पिऊन करार केला होता आणि बाहेर येऊन सांगितलं होतं, "पोरांनो, कायमच्या कामगारांचं झालं, कंत्राटींचं पुढच्या वेळी बघू." ते पुढच्या वेळचे कंत्राटी दोनशे जण होते आणि गणराज त्यातलाच एक. गेटबाहेर उभ्या उभ्या त्यानं ठरवलं की आयुष्यात पुन्हा कुणा एका माणसाच्या हातात आपली मान द्यायची नाही. ठरवायला काय जातं! ठरवणं सोपं असतं हो.

त्यातूनच 'चावडी' निघाली. चावडी म्हणजे नाणं, पण खिशात वाजणारं नव्हे, फोनात दिसणारं, क्रिप्टोतलं. या पट्ट्यात पत्रा दाबणाऱ्या प्रेस मशिनवर बोटं तुटणं काही नवं नाही. कंत्राटी माणसाचं बोट तुटलं की ठेकेदाराचा फोन बंद होतो, कागदपत्रं 'प्रोसेसमध्ये' जातात, आणि बर्फात ठेवलेलं बोट कागदपत्रांसाठी थांबत नाही. म्हणून महिन्याला प्रत्येकानं थोडं थोडं घालायचं, आणि कुणाला अपघात झाला की त्यातून ताबडतोब दवाखान्याची सोय करायची. वाकडचा एक व्यापारी त्या नाण्याचे पंधरा मिनिटांत रुपये करून द्यायचा. इथपर्यंत साधी भिशी झाली. पण गणराजची खरी हौस पुढे होती. या भिशीला अध्यक्ष नको, खजिनदार नको, सेक्रेटरी तर नकोच नको. निर्णय सभासदांच्या मतानं होणार आणि पेटीला पाच चाव्या असणार, पाच वेगवेगळ्या माणसांकडे. त्यातल्या तीन लागल्याशिवाय पेटी उघडणार नाही. चावी म्हणजे लोखंडाची नव्हे, बारा इंग्रजी शब्दांची चिठ्ठी. ते शब्द ज्याच्याकडे, चावी त्याची. कुठली चावी कधी लागली हे साऱ्या सभासदांना आपापल्या फोनवर दिसणार, लपवाछपवी नाही. "गाव करील ते राव काय करील," असं तो सगळ्यांना सांगत फिरला, आणि चारशेच्या वर माणसं जमली.

पाच चाव्यांपैकी एक त्याच्याकडे. दुसरी शालनबाईंकडे, ज्यांच्या खानावळीत तीन शिफ्टची माणसं जेवायची. तिसरी धनेशकडे, हा फोर्कलिफ्ट चालवायचा आणि सहा जणांच्या खोलीत राहायचा. चौथी दिग्विजयकडे. दिग्विजय गावचा, जमीन एमआयडीसीत गेलेली, आता टँकर आणि टेम्पो, पांढरे कपडे, घरी लोखंडी तिजोरी. आणि पाचवी विजयश्रीकडे.

विजयश्री केजकडची. कुरुळीत राहायची, एका छोट्या शीटमेटलच्या कारखान्यात प्रेस चालवायची. नवरा नव्हता, संस्कृती नावाची आठवीतली मुलगी होती. पहाटे फर्स्ट शिफ्टला निघायच्या आधी ती त्या पोरीच्या दोन लांब वेण्या घालायची, घट्ट, संध्याकाळपर्यंत एक केस हलायचा नाही अशा. चावडीचं सगळं तत्त्वज्ञान गणराज तासभर बोलून सांगायचा, ते या बाईनं एका वाक्यात सांगितलं होतं. गुरुवारी सुट्टीच्या दिवशी खानावळीत पहिली सभा झाली, कुणीतरी विचारलं, तीन चाव्या कशाला, एक बास की. तेव्हा ती म्हणाली, "प्रेसला दोन बटनं का असतेत? दोन हातानं दोन बटनं दाबल्याबिगर प्रेस खाली येत नाय. एक हात बटनावर अन् एक हात आत, असं होऊ नये म्हणून. तसंच हाय हे." गणराज तिच्याकडे बघतच राहिला. त्या दिवसापासून त्याला चारशे माणसांच्या मतापेक्षा या एका बाईचं आपल्याबद्दलचं मत जास्त मोलाचं वाटायला लागलं. हे त्यानं कुणाला सांगितलं नाही, स्वतःलाही धड सांगितलं नाही.

आता पुढं काय झालं ते ऐका, आणि हसू आलं तर हसा. सभा संपून आठवडा झाला नाही तोच शालनबाई पदरात चिठ्ठी घेऊन गणराजच्या खोलीवर. "आवो, माझ्याकडं उंदरं हायती. तुमीच ठिवा, तुमी जाणती माणसं." दोन दिवसांनी धनेश आला, "भावा, सहा जणांची खोली, कुणाचा कागद कुठं जाईल सांगता येत नाही." मग दिग्विजयनं टेम्पोच्या ड्रायव्हरबरोबर बंद पाकीट पाठवलं, वर लिहिलेलं, 'तुम्ही म्हणाल तसं.' मोठा उदारपणा! गणराजनं प्रत्येकाला सांगितलं की असं करायचं नसतं, चावी ज्याची त्यानंच ठेवायची असते. प्रत्येकानं मान डोलावली आणि चिठ्ठी त्याच्याकडेच ठेवली. या मातीत विश्वास म्हणजे कागद दुसऱ्याच्या कपाटात ठेवणं. फक्त विजयश्रीची चिठ्ठी तिच्या घरी, तांदळाच्या डब्यात होती.

मग तो पावसाळ्यानंतरचा अपघात झाला. ऋतिक नावाचा तरुण, तीन बोटं गेली. गणराज सेकंड शिफ्टला होता, म्हणून सकाळी खोलीवर होता. प्रस्ताव टाकायचा, मतं यायची, ह्यात वेळ जाणार. त्यानं स्वतःची चिठ्ठी काढली, शालनबाईंची काढली, धनेशची काढली, दिग्विजयचीही असावी म्हणून जवळ घेतली, चारी लॅपटॉपमध्ये उतरवल्या आणि दहा मिनिटांत पेटी उघडली. ऋतिकची तीनपैकी दोन बोटं जुळली. आजही तो त्या हातानं ग्लास धरतो.

लोकांनी गणराजला डोक्यावर घेतलं. खानावळीत सत्कार, शाल, नारळ, आणि बाहेर फ्लेक्स. फ्लेक्सवर त्याचा फोटो एवढा मोठा आणि खाली चारशे जणांची नावं एवढुशी. खरं सांगायचं तर त्या दिवशी गणराजच्या कपाळाला आठी पडली नाही. शाल अंगावर आली तेव्हा त्याला बरं वाटलं. का नाही वाटणार? माणूसच तो.

विजयश्री सत्काराला आली होती, मागं उभी होती. सगळे गेल्यावर तिनं त्याला गाठलं. "चार चिठ्ठ्या तुझ्यापाशी होत्या?"

"पोराची बोटं वाचली, विजूताई."

"वाचली. लई चांगलं झालं. पण तू बटनाला चिकटपट्टी लावलीस, गणराज. आमच्या सुपरवायजरसारखी. टार्गेट वाढावं म्हणून तो एक बटन पट्टीनं दाबून ठिवतो, मग एका हातानं काम लवकर होतंय. रोज लवकर होतंय. ज्या दिवशी होत नाय त्या दिवशी कुणाचातरी हात आत असतो."

  दुसऱ्याच दिवशी त्यानं ज्याच्या त्याच्या चिठ्ठ्या परत केल्या, घरोघर जाऊन, हात जोडून. ग्रुपवर जाहीर माफी मागितली. आणि नवा नियम मांडला, विजयश्रीशी बोलूनच, की इथून पुढं शंभर सभासदांचं 'हो' आल्याशिवाय कुणीही चावी लावायची नाही. आणखी एक शपथ त्यानं स्वतःपुरती घेतली. कुठल्याही प्रस्तावावर आपलं मत शेवटी द्यायचं, म्हणजे आपलं बघून लोक देणार नाहीत.

"अन् लॅपटॉपमधलं?" विजयश्रीनं विचारलं.

"पुसलं."

"समदं?"

"समदं पुसलं, ताई."

पुसलं नव्हतं. 'जुनी ड्रॉइंग' नावाच्या फोल्डरात तिन्ही परक्या चिठ्ठ्या तशाच होत्या. पेटीवर त्याचा डोळा होता असं नाही, देवाशपथ नव्हता. त्याला भीती होती. शालनबाईंकडे खरंच उंदीर होते, धनेशची खोली खरंच धर्मशाळा होती. एखाद्यानं चिठ्ठी हरवली तर? कुणीतरी एक शहाणा माणूस लागतो की नाही सगळ्यांच्या मागं? खुर्चीचा द्वेष करता करता त्यानं एक छोटी खुर्ची मांडीखाली लपवून ठेवलीच होती, आणि ती आहे हे त्याला एकट्यालाच माहीत होतं.

चार महिने गेले. फेब्रुवारीतला बुधवार होता. सकाळी साडेआठला गणराजचा फोन वाजला, विजयश्रीच्या कारखान्यातल्या एका बाईचा, ऑफिसातल्या फोनवरून. प्रेस खाली आला होता. उजवा हात. तर्जनी, मधलं बोट आणि अंगठा. एका बटणाला चिकटपट्टी होती, हे सांगायलाच नको.

चाकणच्या दवाखान्यात बोटं पिशवीत घालून बर्फात ठेवली आणि तिला पिंपरीकडच्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. नाशिक रस्त्याला नेहमीचाच जाम. गणराज मोटरसायकलनं पोचला तेव्हा ती स्ट्रेचरवर होती, चेहरा पांढराफटक, पण शुद्धीवर. डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं, "अंगठा तरी जुळायला हवा. अंगठा गेला की हात गेला. जितका उशीर तितकी आशा कमी, दोनच्या पुढं मी शब्द देणार नाही. आधी काउंटरवर डिपॉझिटचं बघा." ठेकेदाराचा फोन बंद. गणराजनं जवळ होतं नव्हतं ते भरलं, ते पुरण्यातलं नव्हतं. पण आता घाबरायचं कारण नव्हतं. याच दिवसासाठी तर चावडी होती.

"माझी चिठ्ठी तांदळाच्या डब्यात," विजयश्री ओठातल्या ओठात म्हणाली. "शालनबाईला सांग." आणि तिनं त्याच्याकडे असं बघितलं की जणू पुढं काय होणार हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिला आत नेलं.

त्यानं सव्वादहाला प्रस्ताव टाकला. मग फोन लावायला बसला. धनेश फर्स्ट शिफ्टला, फोन गेटवरच्या कपाटात. इथं सगळीकडे तोच कायदा, शॉपफ्लोअरवर फोन नाही, सुटल्यावर साडेतीनला परत. निम्म्याहून जास्त सभासद फर्स्ट शिफ्टचे, त्यांचेही फोन गेटवर. इतक्या हुशारीनं नियम केला, पण शंभर हात वर व्हायचे तर ते हात त्या वेळी मशिनवर असतात, हे त्या बारा वर्षं मशिनवर काढलेल्या माणसाच्या डोक्यात आलं नाही! तरी सेकंड आणि थर्ड शिफ्टचे मिळून दोनशे तरी घरी होते. शंभर व्हायला काही हरकत नव्हती.

शालनबाई बाराला रिक्षानं आल्या, एका हातात तांदळाच्या डब्यातली चिठ्ठी, दुसऱ्या हातात डबा. अशा वेळीही त्यांना कुणीतरी उपाशी असेल याची काळजी. म्हणजे आता स्वतःची आणि विजयश्रीची, दोन चाव्या झाल्या. एकच हवी होती.

"तुमची चिठ्ठी आणली?"

शालनबाईंनी तोंडावर हात ठेवला. "माझ्याकडं कुठाय ती! तुमी परत दिली तवा मी दिग्विजयच्या तिजोरीत ठिवली. मोठा माणूस हाय, म्हनलं सुखरूप ऱ्हाईल. धनेशनंबी तितंच ठिवलीय."

 गणराजनं चार महिन्यांपूर्वी ज्या चिठ्ठ्या हात जोडून परत केल्या, त्या घरी राहिल्याच नव्हत्या. पाणी उतारानं जातं तशा त्या एका कपाटातून निघून दुसऱ्या कपाटात गेल्या होत्या. तीन चाव्या आता एकट्या दिग्विजयकडे होत्या. ज्याच्या हाती ससा तो पारधी.

दिग्विजय फोनवर सापडला. मागं बैलगाड्यांचा गलका, "भिर्रर्र" चालू. "गणराजभाऊ, लई वाईट झालं. मी घाटात हाय, शर्यतीला. पन तिजोरी म्हंजे काय लांब न्हाई, अर्ध्या तासात पोचतो. शंभर मतं झाली?"

"अजून नाहीत. दिग्विजयराव, तिचा अंगठा—"

"मला कळत न्हाई व्हय? पन नियम कुनी केला? तुमी. माफी कुनी मागितली? तुमी. उद्या हीच लोकं म्हनत्याल, दिग्विजयनं मनमानी केली, तिजोरी त्याची न् कारभार त्याचा. आमाला बी नाव हाय बाबा. मतं होऊ द्या, मी गाडी चालू करून बसतो."

त्याला शिवी द्यावी असं गणराजच्या जिभेवर आलं, पण कुठल्या तोंडानं देणार? प्रत्येक शब्द त्याचाच होता.

मतं बघितली. साडेबारा झाले होते. अडतीस. ग्रुपवर मात्र माणसं जागी होती, पन्नास पन्नास जण ऑनलाइन. 'ताईला लवकर बरं वाटो.' 'देव पाठीशी आहे.' हात जोडलेली चित्रं. आणि मग एकानं लिहिलं, 'भाऊंचं मत काय?' दुसऱ्यानं लिहिलं, 'भाऊंनी अजून दिलं नाही.' तिसऱ्यानं, 'काहीतरी असेल, भाऊ उगाच थांबणार नाहीत.' चौथ्यानं तर कहर केला, 'कंपनी देणार असेल, भाऊंनी बोलणी लावली असतील, थांबूया.'

गणराजनं कपाळावर हात मारून घेतला. आणि काय केलं? 'हो' दिलं? नाही. त्यानं उपदेश लिहिला. 'माझ्या मताची वाट बघू नका. चावडीला नेता नाही. प्रत्येकानं स्वतः विचार करून मत द्यावं.' त्यावर लोकांनी भराभर अंगठे दाखवले, छान म्हणाले, आणि पुन्हा थांबले. आपल्याकडं मोठा माणूस 'तुमचं तुम्ही ठरवा' म्हणतो तेव्हा त्याच्या मनात नाही असं समजतात. पिढ्यान्‌पिढ्या तसंच समजत आले. त्याच्या गावातही तसंच समजायचे, आणि हे गणराजला माहीत नव्हतं असं कुणी म्हणू नये.

एक वाजला. एकेचाळीस मतं.

बॅग पायाशी होती. बॅगेत लॅपटॉप, लॅपटॉपमध्ये 'जुनी ड्रॉइंग'. दोन चाव्या हातात होत्याच, तिसरी तिथं होती. पाच मिनिटांचं काम. त्यानं बॅगेची चेन उघडली. शालनबाई शेजारी जप करत होत्या, त्यांना विचारलं असतं तर म्हणाल्या असत्या, घाल चुलीत तुझा नियम, वापर माझी चिठ्ठी. पण चावी लागली की ती शालनबाईंची लागली हे चारशे जणांना दिसणार. विजयश्रीला दिसणार. आणि शालनबाईंची चिठ्ठी दिग्विजयच्या तिजोरीत असताना ती लागली कशी, हे त्या बाईला एका क्षणात कळणार. "समदं पुसलं, ताई." तिच्या नजरेतून आपण उतरणार. जगात एकच माणूस आपल्याला सरळ समजतो, तोही जाणार. गणराजनं चेन लावली. त्याला वाटलं, आपण तत्त्वासाठी थांबतोय. असंच वाटतं माणसाला.

दीडला त्यानं पुन्हा चेन उघडली आणि पुन्हा लावली. त्रेपन्न मतं. आतून नर्स येऊन विचारून गेली, काउंटरचं काय झालं. पावणेदोनला परत आली आणि काही न विचारता गेली.

सव्वादोनला, जेव्हा डॉक्टर स्वतः बाहेर येऊन घड्याळाकडे बघून उभा राहिला, तेव्हा गणराजनं प्रस्तावाखाली 'हो' दाबलं. फक्त एक 'हो'. सहा मिनिटांत शंभर झाली. दहा मिनिटांत दीडशे. दोनशे माणसं बोट फोनवर ठेवून बसली होती, भाऊंची वाट बघत. दिग्विजयनं शब्द पाळला, तीन वाजता तिन्ही चाव्या लावल्या, वर ग्रुपवर तिजोरीसमोरचा फोटोही टाकला. साडेतीनला फर्स्ट शिफ्ट सुटली, गेटवरून फोन हातात आले, आणि सगळ्यांनी धावत धावत मतं दिली. चारशे एकतीस 'हो', विरोधात शून्य. चावडीच्या इतिहासातलं सगळ्यात मोठं मतदान म्हणे. बैल गेला आणि झोपा केला.

अंगठा जुळला नाही. एकही बोट जुळलं नाही. डॉक्टरनं जखमा शिवून घेतल्या आणि हात पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळून दिला.

ग्रुपवर दोन दिवस हळहळ झाली. मग राग आला, आणि राग कुणावर तरी निघावा लागतो. 'भाऊ तिथं बसून होते आणि मत देत नव्हते.' 'असले नियम कागदावर शोभतात.' 'घराला कर्ता लागतो.' यातलं काही खोटं नव्हतं, म्हणूनच गणराजला ते लागलं. खानावळीतल्या फ्लेक्सवर कुणीतरी त्याच्या चेहऱ्यावर चुना फासला. शालनबाईंनी तो पुसला, पण डाग राहिला. पंधरा दिवसांनी नवा प्रस्ताव आला. पाच चाव्या रद्द, शंभर मतं रद्द, दिग्विजय अध्यक्ष, सगळे अधिकार त्याला. चारशे साठ 'हो'. विरोधात शून्य. बिनविरोध. गणराजनंही 'हो' दाबलं, पहिल्याच तासात. आता त्याचं बघून कुणी मत देत नव्हतं.

महिन्यानं तो धीर करून कुरुळीला गेला. विजयश्री खाटेवर बसली होती, उजवा हात ओढणीखाली. दार संस्कृतीनं उघडलं. तिच्या दोन वेण्या गेल्या होत्या. केस मानेपर्यंत कापलेले होते, कुठल्याशा स्वस्त पार्लरमध्ये, एक बाजू थोडी आखूड.

"तिनंच कापून घेतले," विजयश्री म्हणाली. "म्हणली, मम्मी, आता उन्हाळाच हाय."

गणराज खाली मान घालून बसला. इकडचं तिकडचं बोलला. कंपनीनं काही दिलं का, ठेकेदार आला का. नाही आणि नाही. "दिग्विजयला मत दिलंस?" त्यानं विचारलं.

"दिलं. डाव्या हातानं." ती जरा हसल्यासारखी झाली. संस्कृती चहा टाकायला गेली तसा तिनं आवाज बारीक केला. "एक विचारू? खरं सांगशील?"

"विचार."

"त्या चिठ्ठ्या. लॅपटॉपमधल्या. तू खरंच पुसल्या व्हत्यास?"

 गणराजची बॅग पायाशीच होती. त्याला वाटलं, आली वेळ. हिनं ओळखलं. आता खरं सांगितलं तर आयुष्यभर ही तोंड बघणार नाही. "पुसल्या होत्या, ताई," तो म्हणाला. "संस्कृतीची शपथ. तुला शब्द दिला होता ना."

विजयश्रीनं मान हलवली. 

"मला वाटलं व्हतं पुसल्या नसशील," ती म्हणाली. "तिथं आत पडल्या पडल्या मी घटका मोजायले व्हते. म्हणायचे, मला काय हा गणराज माहीत नाय का. तोंडानं म्हणतोय पुसल्या, पण याला कुणाचाच भरवसा वाटत नाय, यानं ठिवल्या असतील लपवून. आता काढील. आता काढील. नियमापायी त्याला शिव्या मीच घातल्या, अन् देवाला म्हणत व्हते, देवा, तो खोटारडा निघू दे."  तिनं डाव्या हातानं डोळे पुसले. "अन् तू खराच निघालास की रे."

गणराजनं बॅग पायानंच मागं सरकवली. 

"तुला दोष नाय," ती म्हणाली. "उलट मीच वाईट. तुझ्याबद्दल असलं वंगाळ मनात आणलं. माझं चुकलं, गणराज."

संस्कृतीनं चहा आणला. विजयश्रीनं आपला कप डाव्या हातानं उचलला, थोडा बशीत सांडला. गणराज तोंड वर न करता चहा प्यायला, शेवटच्या घोटापर्यंत, मग बॅग खांद्याला लावून उठला. लॅपटॉपचं वजन पाठीवर जाणवत होतं.

"येत जा," ती दारातून म्हणाली. "तुझ्यासारखी माणसं राहिली नायत आता."